ओटी गोदावरीची, बेत द्राक्षमळ्याचा

नाशिकला वाइन चाखायला जायचं म्हणून आम्ही देवाचं नाव पुढे केलं, ही चूक माझी. नवरा अजूनही म्हणतो की ती दोघांची होती, पण तो भला माणूस आहे. ‘त्र्यंबकेश्वर’ हा शब्द माझ्या तोंडून निघाला, आणि तोही सासूबाईंच्या स्वयंपाकघरात, म्हणजे जिथून शब्द निघाला की तासाभरात चेन्नईतल्या मैलापूरपर्यंत पोचतो.

मी साताऱ्याची. नोकरीसाठी चेन्नईला आले आणि इथलीच झाले. नवरा मराठी, पण तंजावरकडचा. त्याचे पूर्वज इतक्या पिढ्यांमागे खाली आले की आता घरात मोजणारं कुणी उरलेलं नाही. आम्ही वेलचेरीत राहतो. तो रोज गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात जातो, म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाच्याही पुढे, आणि तिथे गाड्यांचे सुटे भाग तपासतो. मी संगणकासमोर बसून दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधते. दिवसभर दोघंही खोटच काढत असतो, त्यामुळे घरी आल्यावर एकमेकांना सूट देतो. अशानं दहा वर्षं बरी निघाली.

त्या दहा वर्षांचं काहीतरी करावं असं ठरलं. मी म्हटलं, हॉटेलात जेवून केक कापण्यापेक्षा नाशिककडे जाऊ या. जानेवारी ते मार्च तिकडे द्राक्षं उतरवतात, वाइनरीत रस काढायचं काम चालू असतं, मळ्यातच राहायची सोय असते. साताऱ्यात वाढून मी द्राक्षं खाल्ली ती हातगाडीवरची, कागदात बांधलेली. वेलाला लटकलेला घड कधी हातात धरला नव्हता. नवऱ्यानं तर महाराष्ट्रच पाहिला होता तो लग्नानंतर माझ्या माहेरापुरता.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे संगणकावर तक्ता केला. कोणत्या मळ्यात काय दाखवतात, किती वाजता, जेवण कसं, सगळं रकान्यांत. नवरा शेजारी बसून मोठ्यानं वाचत होता. एका ठिकाणी तो थांबला.

“इथे लिहिलंय, पाच प्रकार चाखायला देतात, आणि बाजूला थुंकायला भांडं ठेवतात.”

“चव घ्यायची आणि थुंकायचं. तशीच पद्धत असते.”

“एवढं लांब जाऊन थुंकायचं?” तो म्हणाला. “मी गिळणार. थुंकायला काय, सेंट्रल स्टेशन आहे की.”

प्रश्न होता तो घरी काय सांगायचं हा. सासूसासरे अण्णा नगरला राहतात. मी त्यांना नवऱ्यासारखंच अम्मा आणि अप्पा म्हणते. त्या घरात कांदासुद्धा विशिष्ट दिवशीच शिरतो. दारूचा तर उल्लेखही कुणी करत नाही. आणि चेन्नईत दारू म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते सरकारी दुकान, त्याची जाळी आणि जाळीतून आत गेलेले हात. द्राक्षमळा, ओकची पिंपं, उंच देठाचे पेले हे चित्र अम्मांच्या डोळ्यांसमोर उभं करणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. त्यामुळे एका रविवारी त्यांनी “कोठें जातां?” असं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, “नाशिकला. त्र्यंबकेश्वर, पंचवटी.”

अम्मांच्या हातातली पळी तशीच राहिली. “नाशिकास? गोदेस?” त्या म्हणाल्या. “आमच्या घरचें कोणींच गोदा पाहिलें नाहीं, मा. माझी आत्या जातें जातें म्हणत गेली.” डोळे भरून आले त्यांचे. आणि पुढच्याच क्षणी डोळे पुसून, “आम्हीही येतों.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सांबारात लक्ष घातलं.

पुढचा आठवडा सांगण्यासारखा आहे. सासरच्या गोतात एक रीत आहे: कुणी क्षेत्राला निघालं की ज्यांना जाणं जमणार नाही त्या बायका त्यांच्या हाती नदीची ओटी पाठवतात. खण, हळदकुंकू, बांगड्या, सुपारी, आणि प्रत्येकीचा काही ना काही निरोप. अम्मांनी फोन फिरवले आणि पुड्या यायला लागल्या. अडयारहून आली, मैलापूरहून आली, तांबरमहून एका भाच्यानं स्कूटरवरून आणून दिली. एका आजींनी तांब्याचा गडू पाठवला, परत येताना भरून आणायला. एकीनं चिठ्ठी लिहिली की माझी ओटी सगळ्यांत शेवटी सोडा, मला गर्दी आवडत नाही. शनिवारी मोजलं तर अकरा खण माझ्या वेलचेरीच्या कपाटात, माझ्या ऑफिसच्या कुर्त्यांखाली. कपाट उघडलं की हळदीचा वास यायचा आणि माझं मन मला खायचं.

तरीही मी खरं बोलले नाही, कारण एव्हाना मला या प्रवासातून दुसरंच काही हवं झालं होतं. अप्पांनी सोबत यावं, हे.

हे नीट सांगायला दहा वर्षं मागे जावं लागेल. आमचं लग्न इथेच, अण्णा नगरच्या एका मंडपात झालं. साताऱ्याहून माझं चाळीस-पन्नास माणसांचं वऱ्हाड आलं होतं. जेवणाआधी अप्पा स्वागताला उभे राहिले. ते रसायनशास्त्राचे शिक्षक, नुकतेच निवृत्त झालेले. कागदावर नीट लिहून आणलं होतं त्यांनी. “आपण अस्क दूर देशांतून आलांत,” त्यांनी सुरुवात केली, “आम्हांस बहुत संतोष जाहला.” अस्क म्हणजे सगळे, त्यांच्याकडचा शब्द. माझे काका मागून पुटपुटले, “हे तर थेट दरबारातनं उठून आलेत की.” आणि मी हसले. सकाळपासून उपाशी होते, घाबरले होते, कारणं पुष्कळ देता येतील. पण मी हसले, तोंडावर हात ठेवून, आणि माझं बघून मागच्या तीन रांगा हसल्या. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि इंग्रजीत म्हणाले, “प्लीज हॅव युवर लंच.”

त्या दिवसापासून ते माझ्याशी मराठीत एक वाक्य बोलले नाहीत. रागानं नाही, हेच अवघड होतं. माझ्याशी ते इतके सभ्य वागत की मला रडू यायचं. ‘हाऊ इज ऑफिस’, ‘हॅड युवर कॉफी?’ असं चाले. मी आजारी पडले तेव्हा ते वेलचेरीपर्यंत बस बदलून कषाय, म्हणजे काढा, घेऊन आले आणि इंग्रजीत सांगून गेले की गरम असतानाच प्या. आतल्या खोलीत अम्मांशी त्यांचं मराठी चालू असायचं, मी दारात गेले की थांबायचं. दोनदा मी माफी मागायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्यांनी “नो, नो, व्हॉट इज देअर,” म्हणून वर्तमानपत्र उचललं. सभ्य माणसाची माफी मागणं फार कठीण असतं. तो ती घेतच नाही.

आणि आता, अम्मांनी नाशिकचं काढताच, ते म्हणाले, “यू पीपल गो. आय विल मॅनेज.”

अम्मांनी मला स्वयंपाकघरात नेऊन दार लोटलं. “तिकडे येऊन काय बोलूं, म्हणतात. तोंड उघडलें कीं हसतील, म्हणतात.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण बोलणं कुणाकडे जातंय ते मला कळत होतं. “लहानपणापासून त्या मुलखाचा नकाशा काढीत बसत. कोठें कोणती नदी, अस्क ठाऊक आहे. पण जावयाचें नाहीं.”

मला फार वाईट वाटलं. माणसानं सत्तरी गाठली, ज्या मुलखाची भाषा घरात जपली तो मुलूख पाहायची इच्छा आहे, आणि माझ्या एका हसण्यामुळे तो घरी बसणार. मी त्या रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं, “अप्पा येणार. मी चौघांचं लिहिते.”

“ते नाही म्हणालेत ना.”

“म्हणू देत.”

मळ्यातल्या खोल्या ठरवताना मी पाहुणे चार लिहिले. अम्मांना सांगितलं, शेतावरचं अतिथिगृह आहे, शांत, शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं. हे खोटं नव्हतं. शेत कसलं आणि शेताच्या मागे स्टीलच्या टाक्या कसल्या, एवढंच मी गाळलं. बेत असा होता की सकाळी सगळे गोदावरीवर जायचं, अकरा आणि आमची बारावी अशा ओट्या भरायच्या, दुपारी अम्मा-अप्पा विश्रांती घेतील तेव्हा आम्ही दोघं ‘जरा मळा बघून येतो’ म्हणून सटकायचं. मी तक्त्यात त्या रकान्याला ‘मळा’ असंच नाव दिलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ उघडली ती माझ्याच हातानं. मळ्याच्या अर्जात दुसरा फोन नंबर मागितला होता. नवऱ्याला कारखान्यात फोन आत न्यायची परवानगी नाही, म्हणून मी अण्णा नगरच्या घरचा नंबर दिला. आम्ही दोघं गेली दहा वर्षं सगळीकडे तोच देतो, गॅसवाल्याला, बँकेला, कुरियरला. कारण तो हमखास उचलला जातो.

रविवारची दुपार होती. आमची जेवणं चालली होती, दहीभातापर्यंत आलो होतो. अप्पा लवकर जेवून उठले होते आणि ओट्यापाशी उभं राहून दुसऱ्या दिवशीच्या इडलीच्या पिठाचं झाकण उचलून पाहत होते. त्या घरात पीठ अम्मा वाटतात, पण ते फुगवायची जबाबदारी अप्पांची. थंडीत ते पातेलं कधी गॅसजवळ, कधी उन्हात हलवतात आणि कुणी विचारलं तर यीस्ट आणि जिवाणू यांच्यावर पाठ देतात. एवढ्यात फोन वाजला. त्यांनी उचलला.

पलीकडची मुलगी मोठ्या आवाजात बोलणारी होती. तिचं मराठी जेवणाच्या टेबलापर्यंत स्पष्ट ऐकू येत होतं. पाहुणे चार ना? दुपारी वाइन चाखायचा कार्यक्रम आहे, त्यात चौघंही घेणार का? आणि द्राक्षं पायांनी तुडवायची हौस असेल तर जुने कपडे आणा.

माझा घास हातातच राहिला. नवरा ताटात बघायला लागला. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता रिसीव्हर माझ्या हातात देतील आणि इंग्रजीत काहीतरी इतकं सभ्य बोलतील की मला जमिनीत जावंसं वाटेल.

त्यांनी रिसीव्हर दिला नाही. त्यांनी विचारलं, “व्हिच यीस्ट डू यू यूज?”

मुलगीही गडबडली असावी. थांबा, आतल्या काकांना देते, म्हणाली. थोड्या वेळानं एक घोगरा पुरुषी आवाज आला. अप्पांनी तोच प्रश्न इंग्रजीत पुन्हा विचारला, नीट, वर्गात विचारावा तसा. पलीकडचा म्हणाला, “मराठीत बोला ना साहेब. आपलं आडनाव तर मराठी दिसतंय.”

अप्पा भिंतीकडे वळले. आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मला त्यांचा फक्त मानेमागचा भाग दिसत होता. अम्मा ताटावरून उठल्या, पुन्हा बसल्या.

“द्राक्षें चेपल्याउपर,” अप्पा म्हणाले, “रस किती उष्णतेस ठेवतां? आणि किण्वन किती दिवस चालूं देतां?”

पलीकडचा माणूस हसला.

वाईट नव्हता हसला. आता विचार करते तेव्हा कळतं की त्याला मजा वाटली, कदाचित आवडलंही. पण हसला, मोठ्यानं, आणि ते आम्हा तिघांना ऐकू आलं. मंडपातला तो कागद, त्याची घडी, सगळं डोळ्यांपुढे आलं. आता हे ‘थँक यू’ म्हणतील आणि फोन ठेवतील, आणि पुन्हा कधीही, कुणाशीही बोलणार नाहीत असं मला वाटलं.

अप्पा थांबले. हसणं संपेपर्यंत थांबले. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी पोरांची हसणी संपायची वाट पाहिलेली होती, तो सराव असावा. मग तोच प्रश्न, तेच शब्द, अगदी तसेच पुन्हा विचारले. आणि उत्तर आलं. मग दुसरा प्रश्न, मग तिसरा. अप्पांनी भिंतीवरची दिनदर्शिका काढली आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. पांढरीला थंड ठेवतात, तांबडीला ऊब लागते. साली रसात किती दिवस. वायू बाहेर कसा सोडतात. आयुष्यभर फळ्यावर ज्याचं चित्र काढलं ते खरोखर, खोलीएवढ्या टाकीत चाललेलं आहे आणि ते चालवणारा माणूस दुसऱ्या टोकाला फोनवर आहे, याचा त्यांना इतका आनंद झाला होता की ते पायाच्या बोटांवर उभे राहिले होते. वीस मिनिटं तरी झाली असतील. आमचे दहीभाताचे हात वाळून गेले.

शेवटी “बरें, येतों,” म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि वळले.

“तूं,” ते मला म्हणाले.

मी उभी राहिले. हात खरकटे होते, ते पाठीमागे घेतले.

“शिकलेली मुलगी तूं. मद्याचा कारखाना पाहावयास जातें, म्हणून सांगावयाचें होतें. मी नको म्हटलें असतें, तूं गेली असतीस. त्यांत काय? देवाचें नांव कशास पुढें केलेंस? अकरा घरच्या बायकांनीं विश्वासानें खण दिले. त्यांस फसविलेंस कीं नाहीं?”

“चुकलं, अप्पा.”

“चुकलें तें खरेंच.”

“त्या दिवशीही चुकलं,” मी म्हटलं. “मंडपात.” कोणता दिवस हे त्यांनी विचारलं नाही.

“त्या दिवशीं मला फार लागलें,” ते म्हणाले. “सात दिवस बसून लिहिलें होतें.” मग हात झटकून म्हणाले, “आतां तोही हसला. हसूं दे. उत्तर तर दिलें कीं नाहीं?”

अम्मांना एव्हाना सगळा उलगडा झाला होता. त्यांनी फक्त एकच विचारलं, गोदा त्या मळ्यापासून किती दूर आहे. नवऱ्यानं सांगितलं, मोटारीनं अर्धा-पाऊण तास. “मग ओट्या अगोदर,” त्या म्हणाल्या, “मळा नंतर. आणि मी चाखणार नाहीं,” आणि ताटं उचलायला लागल्या. त्यांच्यापुरतं प्रकरण मिटलं होतं.

अप्पांचं मिटलं नव्हतं. ते पुन्हा माझ्याकडे वळले. खोटं बोलायचं तर निदान नीट बोलावं. घरचा नंबर देऊन कोणी खोटं बोलतं का? हीच का तुमच्या ऑफिसची हुशारी? शिर्डीच्या गाडीनं जायचं आणि तिथून मोटार, हे कुणाला विचारून ठरवलं? सोलापुराकडून भीमा दिसते ती दिवसा दिसेल की अंधारात, हे पाहिलं का? नाही पाहिलं. तक्ते काढता येतात, नदी कुठे लागते ते ठाऊक नाही. आणि मला खालची बर्थ हवी, हें लिहून ठेव, गुडघा वर चढूं देत नाहीं.

दहा वर्षांत ते मला पहिल्यांदाच रागावत होते. इंग्रजीत त्यांनी मला कधी शब्दानं दुखावलं नव्हतं. पाहुण्याला कोण दुखावतं? आता एकामागून एक येत होतं, जाहलें, केलेंस, सांगावयाचें, कशास, आणि मी खरकटे हात मागे धरून मान खाली घालून ऐकत होते. डोळ्यांत पाणी येत होतं, आणि हसूही येत होतं, पण ते मी येऊ दिलं नाही.

नवऱ्यानं दारातून घड्याळाकडे बोट केलं. मेट्रो आणि पुढची लोकल गाठून वेलचेरीला पोचायचं होतं. मी त्याला खुणेनं बसायला सांगितलं. अप्पांचं अजून संपलं नव्हतं.